आश्चर्य दाखवायचं नाही

लिमरिक शहरातून किलमॅलकच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला झुडपांच्या कुंपणात एक फाटक येतं. पाटी आहे, पण गाडी जरा वेगात असली तर ती निसटते. आत शेत, शेतात गाई, आणि गाईंच्या शेजारी आयर्लंडमधलं सगळ्यात मोठं शिलावर्तुळ. ग्रेंज स्टोन सर्कल. तिकीटखिडकी नाही, पहारेकरी नाही, दोरखंडाचे कठडे नाहीत. जमीन खासगी शेतकऱ्याची, म्हणून वाटलं तर पैसे टाकायला एक पेटी. पावसाळी सकाळी तिथे तुम्ही, 113 दगड आणि तुमच्याकडे एकटक बघणारी एखादी कालवड, एवढेच असता. इथे पावसाळी सकाळ बारा महिने मिळते.

वर्तुळाचा व्यास 45 मीटरच्या आसपास. दगड एकमेकांना खेटून उभे, पाठीमागे मातीचा रुंद बांध. सगळ्यात मोठा दगड माणसाच्या दुपटीहून उंच, वजन चाळीस टनांच्या घरात, आणि नाव क्रोम डूव या सुगीच्या जुन्या देवाचं. मला मात्र या सगळ्यापेक्षा मध्यातलं एक भोक जास्त आवडतं. आता ते दिसत नाही, बुजलेलं आहे. 1939 साली शॉन ओ रिर्डॉन या पुरातत्त्वज्ञांनी इथे खणलं, तेव्हा बरोबर केंद्रात एका खुंटीची जागा सापडली. म्हणजे कुणीतरी इथे खुंटी ठोकली, दोरी बांधली, दोरी ताणून धरत गोल फिरलं आणि मग बाकीच्यांना सांगितलं, हं, आणा आता दगड. देवाधर्माचं काय असेल ते असो, आधी कुणीतरी दोरी धरली होती.

आत भांड्यांच्या खापऱ्याही भरपूर मिळाल्या. त्यांत बीकर म्हणतात त्या घाटाची भांडी होती. युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांबरोबर ती या बेटांवर पोचली. वर्तुळ नेमकं कोणत्या शतकातलं यावर अभ्यासकांचं अजून जुळत नाही. कुणी नवाश्मयुगाच्या अखेरीकडे ओढतं, कुणी काही भाग कांस्ययुगात खूप पुढे नेतं. पण लोक इथे जमत, बहुधा खातपीत आणि भांडी फोडून ठेवून जात, एवढं खरं मानायला हरकत नाही.

थोडं पुढे गेलं की लॉख गर हे तळं. घोड्याच्या नालासारखं वळलेलं, मधोमध नॉकडूनची टेकडी. काठावर दोन शाकारलेल्या इमारती आहेत, नवाश्मयुगीन घरांच्या धर्तीवर बांधलेल्या. हेच इथलं अभ्यागत केंद्र. ही घरं कुणाच्या कल्पनेतून उतरलेली नाहीत. ओ रिर्डॉन 1936 पासून पुढे बरीच वर्षं नॉकडूनवर खणत राहिले आणि त्यांना घरांचे पाये मिळाले: काही चौकोनी, काही गोल, दगडी पायथा, लाकडी खांबांची भोकं, चुलीची जागा, गुरांची हाडं, दगडी कुऱ्हाडी, मणी. आयर्लंडमधले पहिले शेतकरी कसे राहत, याचं चित्र कित्येक वर्षं मुख्यतः या एका टेकडीवरून काढलं गेलं.

तळ्यानं स्वतःहूनही बरंच दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे पाण्याचा निचरा केला, पातळी उतरली आणि तळातून हाडं, हत्यारं, भाल्यांची टोकं वर आली. कितीतरी वस्तू संग्राहकांनी उचलल्या आणि जगभर पांगल्या. जवळच्या दलदलीत मिळालेली काशाची ढाल आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. केंद्रात तिची प्रतिकृती. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमाराची. पत्रा इतका पातळ की तलवारीचा एक घाव बसला तर चिरेल. ती लढायची नव्हतीच, मिरवायची होती. माझ्या मुलीनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यावरचे फुगीर ठिपके मोजायला घेतले, एका कड्यातले संपवले आणि नाद सोडला. तिच्यासाठी लॉख गर म्हणजे अजूनही "ठिपक्यांची ढाल".

मी मूळची कराडची. इथल्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत नोकरी करते. केंद्र स्थानिक लोकांची विकास सहकारी संस्था चालवते हे कळलं तेव्हा मी जरा सावरूनच बसले. आमच्या भागातल्या माणसासमोर 'सहकारी' म्हटलं की उसाच्या ट्रॉल्या, चेअरमन, पॅनेल आणि निवडणुकीच्या आदल्या रात्रीची जेवणावळ असं सगळं एकदम उभं राहतं. लिमरिकचंही सहकाराशी जुनं नातं आहे. आयर्लंडमधली पहिली सहकारी दूध डेअरी याच काउंटीत, ड्रमकॉलहर गावात, 1889 साली निघाली. इथल्या हिरव्यागार पट्ट्याला गोल्डन वेल, म्हणजे सोनेरी खोरं म्हणतात, आणि त्यातलं सोनं म्हणजे लोणी. तेव्हा चार गावांनी मिळून दुधाचं केलं तसंच नंतरच्यांनी तळ्याचं केलं, यात इथल्या कुणाला विशेष वाटत नाही. सरकार, काउंटी कौन्सिल, युरोपीय महासंघाच्या ग्रामविकास योजना यांच्याकडून काहीबाही मिळत असतं, पण अर्ज भरायला, बिलं जुळवायला आणि रविवारी कुलूप उघडायला माणूस शेवटी गावचाच लागतो.

आयर्लंडभर अशा छोट्या केंद्रांचा गाडा कसा चालतो हे जवळून बघण्यासारखं आहे. पगारी माणसं मोजकी. काही जण सरकारच्या रोजगार योजनेतून आलेले. त्या योजनेत आठवड्याला साडेएकोणीस तास काम मिळतं, आणि त्यातून गवत कापणं, बाकं रंगवणं, काउंटरवर बसणं चालतं. बाकी सगळे हौशी. निवृत्त शिक्षक, दूध काढून आंघोळ करून आलेले शेतकरी, नर्स, एखादा कॉलेजचा पोरगा. यांतल्या कुणीही मला "वारसा" हा शब्द मोठ्या आवाजात उच्चारलेला ऐकवला नाही. ते बोलतात विम्याच्या हप्त्याबद्दल. कुणी पायवाटेवर घसरलं तर काय, याबद्दल. आणि हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाबद्दल. लिमरिकनं 2018 मध्ये ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकली आणि मग 2020 ते 2023 लागोपाठ चार वेळा जिंकली, त्यामुळे इथल्या इतिहासाच्या कुठल्याही गप्पा पाचव्या मिनिटाला त्या चार वर्षांवर येऊन थांबतात. पाच-सहा हजार वर्षं एका बाजूला आणि ती चार एका बाजूला, तराजू बऱ्यापैकी सरळ असतो.

आता गॅरोडची गोष्ट सांगायला हवी. ती ऐकल्याशिवाय लॉख गरहून कुणाला सोडत नाहीत.

डेसमंडच्या पहिल्या अर्लाला, म्हणजे इथल्या जुन्या सरदाराला, म्हणे काठावर ऑन्या दिसली, केस विंचरत बसलेली. ऑन्या ही इथली देवी. तिच्या नावाची टेकडीही जवळच आहे. अर्लानं तिचं वस्त्र पळवलं आणि ती त्याच्या स्वाधीन झाली. (अशा गोष्टींत देवींना कधी विचारलेलं नसतं, हे जगभर सारखंच.) मुलगा झाला, गॅरोड. पण एक अट होती: मुलगा पुढेमागे काहीही करो, बापानं आश्चर्य दाखवायचं नाही. पोरगा वाढला, हुशार निघाला. एकदा गढीवर मेजवानी चालली होती. एका मुलीनं मेजांवरून अशी काही उडी मारली की सगळे थक्क झाले. बाप म्हणाला, आमच्या पोराला जमेल का असं? गॅरोड उठला, उडी मारून एका बाटलीत शिरला आणि पुन्हा उडी मारून बाहेर आला. बापाच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघाला. संपलं. गॅरोड शांतपणे बाहेर पडला, तळ्यात उतरला आणि हंसबदक होऊन पोहत गेला. तळ्यातल्या एका बेटाला अजून त्याचं नाव आहे. आणि दर सात वर्षांनी तो चांदीच्या नालांच्या पांढऱ्या घोड्यावर बसून पाण्यावरून फेरी मारतो. नाल पूर्ण झिजतील त्या दिवशी सुटेल.

ही गोष्ट मी पहिल्यांदा केंद्रातल्या एका आजोबांकडून ऐकली. बाटलीपाशी आल्यावर ते थांबतात आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. भुवया जरा जरी वर गेल्या तरी म्हणतात, "गेला बघा, तुमच्यामुळे गेला."

पण मला खरी गंमत वाटली ती नंतर, वाचायला लागल्यावर. गॅरोड इअर्ला खराखुरा माणूस होता: डेसमंडचा तिसरा अर्ल, 1398 साली वारलेला. घराणं फिट्झजेराल्ड, म्हणजे नॉर्मन. बाराव्या शतकात घोड्यांवर बसून, चिलखतं घालून आलेल्या परक्यांचे वंशज. 1366 साली किलकेनीचे कायदे झाले. इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश भाषा बोलायची नाही, आयरिश रीतींनी वागायचं नाही, त्यांच्यात लग्नं करायची नाहीत. आणि पुढच्याच वर्षी, 1367 ला, इंग्लंडच्या राजाचा आयर्लंडमधला मुख्य अधिकारी कोण झाला? हाच गॅरोड, जो आयरिश भाषेत प्रेमकविता लिहीत होता. कायद्याची अंमलबजावणी करायची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्याच वहीत गुन्हा. 1370 मध्ये शेजारच्या थॉमंडच्या ओब्रायन या आयरिश राजानं त्याला लढाईत पकडलं, तर कैदेतही कविता चालूच.

लोकांनी या माणसाचं काय केलं? त्याला देवीच्या पोटी घातलं. परक्या घोडेस्वाराचा पोर आपल्या तळ्याचा करून टाकला, तोही इतका की आजही त्याच्या घोड्याचे नाल इथल्याच पाण्यावर झिजतायत. मला हे फार मोठं वाटतं. कागदपत्रांनी माणसाला नागरिकत्व मिळतं. मला मिळालंय, समारंभाला छान टाळ्याही वाजल्या. पण गोष्टीत जागा मिळणं हा वेगळाच मामला आहे.

आणि अट तरी काय नेमकी! परदेशात राहिलेल्या कुणालाही ती कळेल. "अरे वा, तुमचं इंग्रजी किती छान आहे." "तुम्ही हर्लिंग बघता?" "एवढ्या थंडीत तुम्हाला चालतं?" यातलं काहीच वाईट हेतूनं विचारलेलं नसतं. पण प्रत्येक वेळी आपण बाटलीतून बाहेर उडी मारल्यासारखं होतं आणि समोरचा थक्क होतो. सारखं सारखं कुणाला थक्क करत राहणं दमवणारं असतं. मग माणूस आपल्यातल्यांतच बसायला लागतो, मंडळाचा गणपती, मंडळाची दिवाळी, मंडळाचं व्हॉट्सॲप. त्यात वाईट काही नाही, मीही असते तिथे. पण तळ्यात उतरून पोहत जाण्याचाच तो एक सभ्य प्रकार आहे, असं मला कधी कधी वाटतं.

केंद्रात मी कामाला कशी लागले? ब्रिजिड या आयरिश संतिणीच्या सणाला मुलीला लव्हाळ्याचे क्रॉस विणायला घेऊन गेले होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा हा सण. 2023 पासून त्याची सार्वजनिक सुट्टीही आहे. ओला लव्हाळा मधोमध धरायचा, दुसरी काडी दुमडून त्यावर अडकवायची, पाव वळसा फिरवायचा, पुन्हा दुमडायची. सोपं दिसतं, पण मधला चौकोन घट्ट धरला नाही तर सगळं सुटतं. मुलीचा सुटला, शेजारच्या लाल गालांच्या पोराचाही सुटला, दोघांनी मिळून तिसरा तयार केला. एवढ्यात चहाच्या टेबलामागच्या बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कप विसळशील का गं? माझे हात भरलेत." हातात फडकं आलं. कुठली, कधी आलीस, परत कधी जाणार, काही नाही. त्यांनी कुठली ते विचारलं ते कितीतरी महिन्यांनी, आणि तेही त्यांच्या भाच्याला भारतात हिंडायचं होतं म्हणून.

2025 चा उन्हाळा वाईट गेला. डब्लिनच्या टाला भागात जुलैमध्ये एका भारतीय माणसाला मारहाण झाली, मग आणखी हल्ल्यांच्या बातम्या आल्या, भारतीय दूतावासानं एकटदुकट फिरताना जपा म्हणून सूचना काढली, डब्लिनमधला इंडिया डे पुढे ढकलला गेला. आमच्या घरी आईचे रोज दोन फोन. लिमरिकमध्ये मला स्वतःला काही झालं नाही, पण संध्याकाळी बसस्टॉपवर उभं राहताना पाठ भिंतीला लावायची सवय लागली. "आपल्या देशाला मूळच्यांसाठी वाचवा" असं ओरडणारे लोक रस्त्यावर होते, आणि मी सुट्टीच्या दिवशी मूळच्या लोकांच्या घरांबद्दल पाहुण्यांना माहिती देत होते.

मूळचे. 2015 च्या अखेरीला डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी प्राचीन जनुकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बेलफास्टजवळ बॅलिनाहॅटीला पुरलेली, सुमारे 5,200 वर्षांपूर्वीची एक शेतकरी बाई, आणि उत्तरेच्या रॅथलिन बेटावरचे सुमारे 4,000 वर्षांपूर्वीचे तीन पुरुष. बाईचं बहुतेक मूळ पश्चिम आशियातल्या पहिल्या शेतकऱ्यांकडे जातं; केस काळे, डोळे तपकिरी. पुरुषांच्या रक्तात काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ प्रदेशातून आलेल्यांचा मोठा वाटा, आणि आजच्या आयरिश माणसाशी जुळणारे ते. नॉकडूनवर पहिली घरं बांधणारेही त्या बाईसारखेच नवाश्मयुगातले शेतकरी. म्हणजे केंद्राची छपरं ज्यांच्या घरांवरून उचलली ते लोक आज बाजारात फिरले असते तर ते कुठले हे त्यांनाही विचारलं गेलं असतं. मी हे एका फेरीत सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, "तरीच! माझ्या सासूबाईंचा रंग." बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं.

तळ्याच्या दक्षिणेला एक पाचरीच्या आकाराचं महापाषाणी थडगं आहे. 1938 च्या उत्खननात त्यात किमान आठ मोठी माणसं आणि चार मुलं यांचे अवशेष मिळाले. पण त्याची मला लक्षात राहिलेली रहिवासी वेगळीच. एकोणिसाव्या शतकातल्या एका नोंदीनुसार एक म्हातारी या थडग्यात वर्षानुवर्षं राहत होती. घर म्हणून. डोक्यावर कांस्ययुगातला दगड, बाजूला दगड, पुढे बहुधा एखादं फडकं. ती मेल्यावर लोकांनी वरचे दगड ढकलून दिले आणि धनासाठी आत उकरलं. जिवंत असेपर्यंत तिला कुणी हाकललं नाही, हे चांगलं. आणि गेल्यावर तिच्या छपराचं काय केलं ते बघा. गाव म्हणजे हेही. मी फेरीत इथे आले की जरा जास्त वेळ थांबते, आणि पाहुण्यांना सहसा इतिहासपूर्व बारा जणांपेक्षा त्या एकीबद्दलच विचारायचं असतं. थंडीत काय करायची? जेवण कोण द्यायचं?

तळ्याची तब्येत फारशी बरी नसते. पाणी उथळ, भोवती जगातली उत्तम कुरणं, आणि कुरणांवर घातलेलं खत व पातळ शेण पावसाबरोबर शेवटी खालीच येतं. उन्हाळ्यात नीलहरित शेवाळ धरतं आणि मग पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना पिऊ देऊ नका, अशा पाट्या लागतात. पाटीजवळ उभे राहून जे हळहळतात त्यांच्यातच ज्यांच्या गाई आहेत तेही असतात. दुधावरच हा सगळा मुलूख उभा आहे, तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. मला हा समजूतदारपणा थोडा जास्तच वाटतो. कधीतरी कुणीतरी मोठ्यानं भांडायला हवं.

भांडणं होतात ती दुसऱ्याच गोष्टींवर. ऑगस्टमधल्या हेरिटेज वीकच्या आधी हौशी मंडळींची बैठक झाली. मी मराठी माणूस, बैठकीला वेळेवर गेले तर दारही उघडलेलं नव्हतं. त्या बाबतीत मला कराड सोडल्यासारखं अजिबात वाटत नाही. विषय होते तीन. ब्रिटनमधून पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांचा गट येणार होता, तो कुणी फिरवायचा. चहाबरोबरचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, कुणी आणायचे. आणि वरच्या वाटेवर खडी कुठली टाकायची. पहिले दोन पाच मिनिटांत मिटले. विद्यार्थ्यांचा गट माझ्या नावावर टाकून झाला तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते, मला विचारलंही नव्हतं. स्कोन नेहमीच्या बाई.

खडीवर तास गेला. बारीक खडी पावसात वाहून जाते, जाड खडीवर बाबागाड्या चालत नाहीत, डांबर नको कारण ते शोभत नाही, लाकडी फळ्या निसरड्या होतात. गोष्ट सांगणारे आजोबा जाड खडीवाल्यांच्या बाजूचे आणि भलतेच तापलेले. मी बारीक खडीवाली. म्हटलं, तुमच्या जाड खडीवर माझा घोटा दोनदा मुरगळलाय. त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं की घोटा खडीनं मुरगळत नाही, चपलांनी मुरगळतो, आणि मी गेल्या वर्षापासून तशीच येते. मतदान झालं, समसमान पडलं, आणि विषय सप्टेंबरवर गेला. तोवर दोन्ही बाजूंनी एकेक आणखी मत जमवायचं आहे. माझ्या डोक्यात एक नाव आहे.